पावसाळ्यात चार महिने उभी स्पोर्ट्स कार: बॅटरी उतरू नये म्हणून नक्की काय करायचं?

बेसमेंट_बी२
जाणकारांचा सल्ला हवा आहे. आधी माहिती देतो, म्हणजे उलट प्रश्न कमी येतील.
गाडी पोर्शे ७१८ केमन. बॅटरी ७० एएच (अँपिअर-अवर), एजीएम (म्हणजे सीलबंद, पाणी न घालायची शिसं-आम्लाची), दोन वर्षं वापरलेली. पुण्यातल्या सोसायटीचं बेसमेंट, खालची पातळी. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत गाडी हलणार नाही, कारण खड्डे आणि तुंबलेलं पाणी या उंचीच्या गाडीला झेपत नाही. पार्किंगच्या जागेत प्लग नाही. सर्वांत जवळचा प्लग मीटर रूममध्ये, गाडीच्या नाकापासून १२ मीटरवर.
आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालू ठेवली तर पुरेल का? की मायनस काढून ठेवावा? की चार्जरच हवा? वॉचमनच्या मते रोज एकदा सेल्फ मारला की काम झालं.

बारा_वोल्ट
वॉचमनचं ऐकू नका. का, ते आकड्यांत बघू.
बंद गाडीही वीज खाते. अलार्म, किल्लीची वाट बघणारा रिसीव्हर, इंजिनाच्या कॉम्प्युटरची, म्हणजे ईसीयूची, मेमरी हे सगळं सतत जागं असतं. धडधाकट गाडीत हे २० ते ५० मिलिअँपिअर भरतं. ३० धरा: दिवसाला ०.७२ एएच, महिन्याला साधारण २२ एएच. बॅटरी स्वतःहून उतरते ते वेगळं, पण एजीएममध्ये ते महिन्याला दोन-तीन टक्के, म्हणजे ७० मधले फार तर २ एएच. ही स्वतःची उतरण तापमान दर दहा अंशांनी वाढलं की जवळपास दुप्पट होते, तरीही खरा खादाड गाडीच. बहुतेक लोक बॅटरीच्या कंपनीला शिव्या देतात आणि गाडीने काय खाल्लं ते मोजतच नाहीत.
आता दहा मिनिटं इंजिन चालवण्याबद्दल. सेल्फला स्वतःला फारसं लागत नाही, दोन सेकंद २०० अँपिअर धरले तरी ०.१ एएच. अडचण भरपाईची आहे. आयडलवर, म्हणजे उभ्या उभ्या इंजिन चालताना, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा) कमी देतो, त्यातलं पंखे, इंधन पंप आणि इग्निशन खातात आणि उरलेलं बॅटरी हळूहळू घेते. शिसं-आम्लाची बॅटरी ८० टक्क्यांच्या वर गेली की घाईने काहीच घेत नाही, कितीही मोठा अल्टरनेटर असो. शिवाय दहा मिनिटांत तेल पूर्ण तापत नाही, ज्वलनातलं पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये साचून राहतं. बॅटरी वाचवायला जाऊन इंजिन आणि एक्झॉस्ट नासवण्याचा हा उत्तम मार्ग आहे.
चालवायचीच असेल तर दोन आठवड्यांतून एकदा सलग ४०-५० मिनिटं, रस्त्यावर. तुम्ही म्हणताय ते जमणार नाही. मग चार्जर. पण आधी मोजा.

गंजका_नट
बारा_वोल्ट +१. एक जोड: व्होल्टेज वाचायलाही शिका. गाडी बंद करून, लॉक करून किमान सहा तास, शक्यतो रात्रभर गेल्यावर मल्टिमीटर लावा. एजीएममध्ये १२.८ किंवा वर म्हणजे भरलेली, साध्या पाण्याच्या बॅटरीत १२.६ ते १२.७. १२.२-१२.३ म्हणजे अर्धी. १२.४ च्या खाली आठवडेच्या आठवडे राहिली की प्लेटवर लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट व्हायला लागतात आणि मग चार्ज करूनही क्षमता पूर्ण परत येत नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी दोन दिवसांत भरून काढली तर बहुधा वाचते. तीच महिनाभर तशीच राहिली तर गेली समजा.
चार्जर काढल्या काढल्या मोजाल तर १३.२ वगैरे दिसेल. तो वरवरचा चार्ज, त्याला भुलू नका.

बेसमेंट_बी२
मोजायचं कसं? मीटर मायनसमध्ये घातला आणि त्याचा फ्यूजच उडाला.

बारा_वोल्ट
उडणारच. मायनस सुटा करून परत जोडला की सगळी मॉड्यूल्स एकदम जागी होतात, ईसीयू, पडदा, दिवे, आणि क्षणभर दहा अँपिअरच्या वर जातं. असं करा.
पुढचं झाकण उघडं ठेवा, पण कुलपाचा खटका स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे गाडीला झाकण लागलंय असं वाटेल. नंतर तोच खटका किल्लीने किंवा बटनाने सोडवायला विसरू नका, नाहीतर झाकण आपटताना कुलूप मोडेल. गाडी लॉक करा. किल्ली किमान दहा मीटर लांब, खिशात नको.
मीटर १० अँपिअरच्या खाचेत. बॅटरीचा मायनस सुटा करण्याआधी एक जाड जंपर वायर बॅटरीच्या मायनस खांबापासून बॉडीच्या अर्थपर्यंत लावा. आता क्लॅम्प काढा, गाडीला काही कळत नाही. मीटरची एक टोक खांबाला, दुसरं काढलेल्या क्लॅम्पला. आता तासभर हात लावू नका. मॉड्यूल्स एकेक करून झोपतात, पहिल्या पाच मिनिटांचा आकडा निरर्थक असतो. तासाने जंपर वायर काढा आणि मीटर वाचा.
डीसी क्लॅम्प मीटर असेल तर काही सोडायलाच नको, पण तो मिलिअँपिअर नीट दाखवणारा हवा. ४०० अँपिअरवाला स्वस्तातला क्लॅम्प इथे निव्वळ थापा मारतो.

टर्मिनल_१०
वर ‘मीटरची एक टोक’ नाही, मीटरचं एक टोक. (संपादन बंद झालंय म्हणून मीच लिहितो.)
आकडा ५० च्या वर आला तर फ्यूज उपटत बसू नका, उपटून बसवला की ती मॉड्यूल पुन्हा जागी होते आणि परत तासभर थांबा. फ्यूजच्या पाठीवर दोन उघडे ठिपके असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन्हींवर टेकवा. शून्य आलं तर त्या वाटेने काही जात नाही. ०.१ किंवा ०.२ मिलिव्होल्ट दिसलं तर चोर तिथेच. फ्यूजच्या आकारानुसार मिलिव्होल्टचे मिलिअँपिअर करणारे तक्ते मिळतात.
नेहमीचे संशयित: कायम चालू वायरवर बसवलेला डॅशकॅम, बाहेरून बसवलेला जीपीएस ट्रॅकर, ओबीडीमध्ये (गाडी तपासायच्या सॉकेटमध्ये) विसरलेलं डोंगल, ॲम्प्लिफायर, आणि किल्ली घरातच पण भिंतीपलीकडे दोन मीटरवर टांगलेली. शेवटच्यात गाडी रात्रभर किल्लीशी गप्पा मारत बसते.

बेसमेंट_बी२
आकडा आला: ६८ मिलिअँपिअर. डॅशकॅमचा फ्यूज काढल्यावर २४.

बारा_वोल्ट
छान. ६८ वर बॅटरी तीन आठवड्यांत अर्धी झाली असती. २४ वर दिवसाला ०.५८ एएच, अर्धी व्हायला दोन महिने, पाव उतरायला एक महिना. चार महिन्यांत सुमारे ६९ एएच, म्हणजे जवळजवळ पूर्ण बॅटरी. तेव्हा डॅशकॅम बंद करूनही चार्जर किंवा मायनस काढणं, दोन्हींपैकी एक लागणारच.

गंजका_नट
मायनस काढण्याबद्दल. १० मिमीचा पाना, दोन मिनिटांचं काम, खर्च शून्य. पूर्ण भरलेली एजीएम अशी चार महिने राहिली तर १२.६ च्या आसपास सापडेल. आधी मायनस काढायचा, लावताना शेवटी मायनस. काढलेला क्लॅम्प कापडात गुंडाळून बाजूला बांधा, स्प्रिंगसारखा परत खांबावर येऊन बसतो.
तोटे: काचांचं एका दाबातलं वर-खाली पुन्हा शिकवावं लागतं, घड्याळ जातं, इंजिन पहिले काही किलोमीटर जरा वेडंवाकडं आयडल करतं, स्टिअरिंगचा दिवा लागतो तो एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवल्यावर जातो. अलार्म आणि ट्रॅकर बंद, ते विम्याच्या अटींत बसतं का बघा.
आणि सर्वांत महत्त्वाचं, झाकण पूर्ण लावू नका. तुमच्या गाडीचं पुढचं झाकण विजेवर उघडतं आणि बॅटरी त्याच झाकणाखाली आहे. वीज तोडून झाकण आपटलं की पेटी बंद आणि किल्ली पेटीत.

नेकारकाठचा
श्टुटगार्टहून. इथे हा विषय दर ऑक्टोबरला निघतो, कारण बऱ्याच लोकांकडे हंगामी नंबरप्लेट असते, समजा एप्रिल ते ऑक्टोबर. बाकीचे महिने गाडी रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही, खासगी जागेतच ठेवावी लागते. त्यामुळे पाच महिने उभी गाडी ही इथली नेहमीची गोष्ट.
थंडीत स्वतःची उतरण कमी, पण वेगळाच धोका आहे. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ५० च्याही खाली गोठतं. पूर्ण उतरलीच तर आत जवळपास पाणीच उरतं आणि ते उणे ७-८ ला गोठून खोकं फोडतं. गोठलेली बॅटरी चार्जला लावायची नाही, आधी आत आणून वितळू द्यायची आणि तडा गेलाय का ते बघायचं.
पुण्यात हे लागू नाही, तिथे उलटं: उष्णतेत चार्जरचं नेहमीचं व्होल्टेज बॅटरीला जास्त होतं.

बारा_वोल्ट
नेकारकाठचा यांनी बरोबर बोट ठेवलंय. फ्लोट म्हणजे भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणारं व्होल्टेज. २५ अंशांवर १३.६ व्होल्टचा फ्लोट ठीक. १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे सुमारे १८ मिलिव्होल्ट कमी करायला हवं, म्हणजे ४० अंशांवर १३.३. पावसाळ्यात बेसमेंट २६-२८ अंशांच्या पुढे जात नाही, म्हणून तुम्हाला काळजी नाही. पण चार्जर नागपुरात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये कायम लावून ठेवणार असाल तर तापमान मोजून व्होल्टेज आपोआप कमी करणारा घ्या.
चार्जर कोणता: ‘बॅटरी मेंटेनर’ म्हणून विकला जाणारा, इलेक्ट्रॉनिक, टप्प्याटप्प्याने चालणारा. उदाहरण म्हणून सीटेक एमएक्सएस ५.० घ्या, कारण तो सगळीकडे दिसतो. ५ अँपिअर. साध्या मोडमध्ये १४.४ पर्यंत भरतो, बर्फाच्या चिन्हाच्या मोडमध्ये १४.७, जो बऱ्याच एजीएमना चालतो. मग १३.६ वर दहा दिवस फ्लोट, आणि त्यानंतर नुसती पाळत: व्होल्टेज पडलं की थोडा डोस. ‘रिकंडिशन’ मोड १५.८ पर्यंत जातो. तो साध्या पाण्याच्या, खोल उतरलेल्या बॅटरीसाठी, गाडीतून काढून. एजीएमवर किंवा गाडीला जोडलेला असताना ते बटन दाबायचं नाही.
एक अँपिअरचे छोटे चार्जरही सांभाळायला पुरतात, तुमची गरज २४ मिलिअँपिअरची आहे. फक्त अर्धी उतरलेली बॅटरी भरायला त्यांना दोन-दोन दिवस लागतात.
इलेक्ट्रिशियनकडचा जड, घूं घूं करणारा ट्रान्सफॉर्मर चार्जर आणून ‘ट्रिकलला’, म्हणजे बारीक करंटवर कायम, लावू नका. त्याला थांबायचं कळत नाही. १५-१६ व्होल्टवर एजीएम वायू सोडते, आणि त्यात पाणी घालायची सोयच नाही.

खड्डेवाचक
वीज गेली आणि आली तर? बेसमेंटचा एमसीबी सोसायटीत कधीही पडतो.

टर्मिनल_१०
घरी तपासा. चार्जर लावा, मोड निवडा, प्लग बंद करून मिनिटभराने चालू करा. त्याच मोडमध्ये स्वतःहून सुरू झाला तर घ्या. नुसता स्टँडबायचा दिवा लावून बसला तर पावसाळ्यासाठी तो निरुपयोगी. पहिल्याच विजेच्या झटक्यानंतर तुम्हाला वाटेल चार्ज चालू आहे, आणि तो नुसता दिवा दाखवत असेल. काही चार्जर उलट बॅटरीतूनच आपला दिवा जाळतात.
आणि प्लग बदला. युरोपातली दोन गोल पिनांची पिन कन्व्हर्टरमध्ये हलते, चार महिने ठिणग्या उडत राहतील. चांगला पिन टॉप बसवून घ्या.

बेसमेंट_बी२
म्हणजे चार्जरच घेतो. १२ मीटरचं काय? एक्स्टेंशन बोर्ड टाकू की १२ व्होल्टची वायर लांबवू?

गंजका_नट
एक्स्टेंशन. १२ व्होल्टच्या लांब वायरीत व्होल्टेज पडतं आणि चार्जरची दिशाभूल होते.

बारा_वोल्ट
इथे असहमत, निदान या जागेपुरता. पावसाळ्यात खालच्या बेसमेंटमध्ये २३० व्होल्टचा बोर्ड जमिनीवर टाकणं मला पटत नाही. पाणी साचलं की लिफ्टमधून उतरणारा पहिला माणूस त्यात पाय घालणार.
हिशेब करू. दीड चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीला किलोमीटरला १२.१ ओहम. १२ मीटर जाऊन १२ मीटर परत, ०.२९ ओहम. ५ अँपिअर असताना जवळपास १.४५ व्होल्ट पडेल, हे खरंच वाईट. पण सांभाळताना करंट ५० मिलिअँपिअर, तेव्हा पडतं ०.०१५ व्होल्ट, म्हणजे काहीच नाही. तेव्हा गाडी उभी करायच्या आधी आखूड वायरने पूर्ण भरून घ्या, आणि मग लांब वायर फक्त सांभाळायला. अडीच चौरस मिमी वापरलीत तर आणखी बरं. बॅटरीच्या प्लसपासून हातभर अंतराच्या आत १० अँपिअरचा फ्यूज हवाच. वायर कुठे खरचटून अर्थ झाली तर ७० एएचची बॅटरी ती लालभडक करेल. चार्जरकडचा फ्यूज ते अडवत नाही.

गंजका_नट
हे मान्य. भरताना आखूड, सांभाळताना लांब. मी एकाच वायरीने दोन्ही कामं धरून बोलत होतो.
चार्जर मीटर रूममध्ये भिंतीवर छातीच्या उंचीला, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (गळती झाली की वीज तोडणारा स्विच). वायर छताच्या पाइपच्या आधाराने, पीव्हीसी कंड्युइटमधून. मोकळी सोडली तर घुशी आणि उंदीर दोन रात्रींत निकाल लावतात.

खड्डेवाचक
सोसायटीची कमिटी? ‘कॉमन विजेवर खासगी गाडी’ हा वाद ठरलेला.

टर्मिनल_१०
आकडा घेऊन जा. भरून झाल्यावर चार्जर आणि गाडी मिळून ३ वॉटच्या आसपास. ७२० तासांचा महिना धरा, २ युनिट आणि थोडं. छोटं सबमीटर लावून द्या, विषय संपला. ईव्ही चार्जरच्या भांडणात मात्र हे मिसळू देऊ नका, नाहीतर वार्षिक सभेपर्यंत लटकेल.
नाहीच दिलं तर: एलएफपी (लिथियम फॉस्फेट) बॅटरीचं ५०० वॉट-अवरचं पोर्टेबल पॉवर स्टेशन महिन्यातून एकदा खाली न्यायचं आणि त्यावर चार्जर लावायचा. पाव उतरलेली ७० एएच, म्हणजे १७-१८ एएच भरायला इन्व्हर्टर आणि चार्जरची गळती धरून साडेतीनशे ते चारशे वॉट-अवर लागतात. बसतं. वेळ पाच-सहा तास, शेवटचे दोन तास करंट अगदी कमी असतो पण तेच महत्त्वाचे, मध्येच उचलू नका.
काचेमागे ठेवायची सोलर पट्टी बेसमेंटमध्ये म्हणजे शोभेची वस्तू.

बेसमेंट_बी२
जोडायचं कुठे? चिमटे चार महिने लावून ठेवायचे का?

बारा_वोल्ट
चिमटे नको, सैल होतात. लग (बोल्टवर बसणारी धातूची कडी) असलेली वायर मिळते, ६ किंवा ८ मिमीच्या बोल्टची, टोकाला रबरी टोपणाचा प्लग. प्लस लग बॅटरीच्या प्लस क्लॅम्पच्या बोल्टवर. मायनस लग बॅटरीच्या मायनस खांबावर नाही, बॉडीच्या अर्थ बोल्टवर. आजच्या बहुतेक गाड्यांत मायनस खांबावर करंट मोजणारा सेन्सर असतो. खांबालाच चार्जर लावला तर गाडीने हिशेब ठेवलेला नसतो, आणि बॅटरी भरलेली असूनही ती कमी आहे असं समजून स्टार्ट-स्टॉप बंद ठेवते.
आधी गाडीकडची जोडणी, मग भिंतीतला प्लग. काढताना उलट.
वायर झाकणाच्या कडेने नेताना रबराच्या वरून न्या, पत्र्याच्या धारेवरून नको. आणि स्टिअरिंगला एक लाल फीत बांधा. चार्जरची वायर जोडलेली असताना गाडी पुढे काढणं हा या विषयातला सर्वांत लोकप्रिय अपघात.

वाचनमात्र_होतो
लाइटर सॉकेटमधून चार्ज होतं म्हणतात?

टर्मिनल_१०
काही गाड्यांत होतं. पोर्शेचा स्वतःचा चार्जर लाइटरच्या प्लगसह मिळतो. अट एकच: सॉकेट गाडी बंद असताना जिवंत हवं. गाडी लॉक करून तासाभराने खिडकीतून मीटर लावून बघा. अर्ध्या तासाने झोपणारं सॉकेट असेल तर चार्जर बाहेर आणि बॅटरी आत, मधला रस्ता बंद.

खड्डेवाचक
जीटी३ मधली लिथियम बॅटरी असेल तर?

नेकारकाठचा
पूर्ण वेगळा खेळ. पोर्शेने २०१० मध्ये ९११ जीटी३ आणि बॉक्स्टर स्पायडरला पर्याय म्हणून पहिली दिली: ६ किलोची, १८ एएच, ६० एएचच्या शिसाच्या बॅटरीपेक्षा १० किलो हलकी, आणि थंडीसाठी सोबत साधी बॅटरीही.
लिथियम फॉस्फेटला लिथियमचाच चार्जर. सल्फेट तोडण्याचे झटके आणि १५.८ चा रिकंडिशन तिला मारक. भरलेली असताना ती १३.३ दाखवते, त्यामुळे वरचा १२.४-१२.८ चा तक्ता तिला लावू नका. १२.८ दिसले तर ती बरीच रिकामी आहे. शून्याखालच्या तापमानात चार्ज करायची नाही. शून्य व्होल्ट दिसले तर घाबरू नका, आतल्या बीएमएसने (बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटने) स्वतःला तोडून घेतलेलं असतं. लिथियमचे काही चार्जर तिला जागं करतात.

बेसमेंट_बी२
शेवटचा प्रश्न. तरीही उतरलीच आणि झाकण बंद असेल तर?

गंजका_नट
यासाठी सोय आहे. किल्लीतल्या धातूच्या पात्याने दार उघडा. पायाजवळच्या फ्यूजबॉक्सचं झाकण काढा. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत तो कुठल्या बाजूला आहे ते आजच मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. तिथे एक प्लस टर्मिनल बाहेर ओढता येतं. बाहेरच्या १२ व्होल्ट बॅटरीचा प्लस त्याला, मायनस दाराच्या लोखंडी खटक्याला. मायनस टेकताच अलार्म बोंबलेल, किल्लीने अनलॉक करा, झाकणाचं बटन दाबा.
ही वायर बारीक असते, फक्त झाकण उघडण्यापुरती. तिथून सेल्फ मारायचा प्रयत्न केलात तर फ्यूजबॉक्स वितळेल. झाकण उघडलं की जंपर वर, खऱ्या खांबांवर.

बेसमेंट_बी२
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: डॅशकॅमचा फ्यूज बाहेर, ३१ मेला आखूड वायरने रात्रभर एजीएम मोडवर, मग अडीच चौरस मिमीची १२ मीटर वायर, बॅटरीजवळ १० अँपिअरचा फ्यूज, मायनस बॉडीला, चार्जर मीटर रूममध्ये वर. दर रविवारी दिवा बघायला वॉचमनला सांगतो.

बारा_वोल्ट
दिव्यासोबत महिन्यातून एकदा मीटरही लावा, प्लग बंद करून आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. सप्टेंबरअखेर सेल्फ मारताना मीटर बॅटरीवर असू द्या. क्षणभर ९.६ च्या खाली गेला तर चार्जर ठीक असूनही बॅटरी थकली आहे, आणि लांबच्या प्रवासाला निघायच्या आधी ती बदलायची. आणि वॉचमनला चावी देऊ नका.

खड्डेवाचक
वाचनखूण साठवली.